सातवं रीळ

तो परत आला नाही आणि हॉलमधले दिवे लागले. मी पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर पर्स, पर्सवर टिपणांचा कागद, आणि डोळे अजून पडद्यावरच. मला वाटलं, एखादं रीळ राहिलं असेल. मी मान वळवून मागे पाहिलंसुद्धा, पण मागे होती छताला टांगलेली एक पांढरी पेटी, तिला रिळं नसतात. लोक खुर्च्या सरकवत होते. रविवारची सकाळ, पन्नासेक माणसं, बहुतेक निवृत्त, आणि त्या सगळ्यांना मी दोन तासांपूर्वी माईकवरून ठासून सांगितलं होतं की या सिनेमाचं मोठेपण एकाच गोष्टीत आहे, ते म्हणजे इंजिनवाला परत येतो. सिनेमा मंडळाचे चिटणीस माझ्यापाशी आले, चष्मा पुसत म्हणाले, “बाई, फार छान बोललात तुम्ही. पण तो परत कुठे आला हो? आमची डुलकी लागली की काय?” ते चेष्टा करत नव्हते, त्यांना खरंच स्वतःच्या डुलकीचा संशय होता. मी म्हटलं, “ही प्रत कापलेली दिसते.” ते म्हणाले, “असेल असेल, हल्ली काय, काहीही कापतात.” मी चहाला न थांबता बाहेर पडले, आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की आपण कुठल्या बाजूला वळायचं तेच आपल्याला कळत नाहीये.

सिनेमा युद्धातला, काळापांढरा, पाणबुडीचा. दहा वर्षांची असताना मी तो एकदा पाहिला आणि त्यानंतर आजच. मधली अठ्ठेचाळीस वर्षं मी तो लोकांना सांगत आले. दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत, लग्नघरांत, मामाच्या मुलांना, एकदा तर दाताच्या डॉक्टरला, तोंडात कापूस असताना. एक पाणबुडी शत्रूच्या बंदरात शिरते, सुरुंग पेरते, आणि परतताना तिच्यावर वरून बॉम्ब पडायला लागतात. पाणबुडीत एक कप्तान, एक इंजिनवाला आणि एक ऐकणारा. ऐकणारा म्हणजे कानाला यंत्र लावून पाण्यातले आवाज ओळखणारा, वरून जाणारं जहाज आपलं की परकं ते सांगणारा. इंजिनवाला आणि ऐकणारा जिवाभावाचे दोस्त. इंजिनघरात पाणी शिरतं. कप्तान म्हणतो, दार बंद करा. दारापाशी नेमका ऐकणारा उभा असतो आणि तो दार लावतो, दाराचं लोखंडी चाक फिरवतो, आणि त्याचा दोस्त आत राहतो. मग आतून ठोकल्याचा आवाज येतो. तीन ठोके, थोडं थांबून दोन. आणि मग, हे सांगताना मी नेहमी जरा थांबायचे, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचे, मग काय होतं माहीत आहे? पुढच्याच दृश्यात इंजिनवाला टेबलाशी बसलेला. धडधाकट, हसतोय, डब्यातलं फळ खातोय. कसा सुटला, कोणी सोडवला, काही नाही. दिग्दर्शक एक अक्षर बोलत नाही. युद्धातून परत आलेली माणसं तरी कुठे सांगतात? कप्तान त्याच्याकडे बघत नाही, खाली नकाशात डोळे घालून बसतो, कारण त्याला शरम वाटते. आणि ऐकणारा आपल्या डब्यातलं अर्धं फळ दोस्ताच्या डब्यात टाकतो. ती माफी. एवढीच माफी, शब्दांवाचून. असं मी सांगायचे आणि लोक वा म्हणायचे. मंडळाच्या अंकात मी यावर लेखही लिहिला होता, आणि त्या लेखामुळेच आजचं बोलावणं होतं.

आज पाहिलं तर ते टेबल आधी येतं. बंदराकडे जाताना. कप्तान नकाशात बघतो, कारण त्याला रस्ता शोधायचा असतो. ऐकणारा अर्धं फळ देतो, कारण दोस्ताचा डबा संपलेला असतो. साधी गोष्ट, रोज देत असेल. मग बॉम्ब, पाणी, दार, ठोके, आणि पुढे समुद्रावर आलेली पाणबुडी, उजेड, डेकवर उभी माणसं, त्यांत इंजिनवाला नाही. कोणी त्याचं नावही काढत नाही. मी एकेक माणूस मोजला.

वाटेत बागेच्या बाकावर बसले. पाय चालायला तयार होते, डोकंच मागे राहिलं होतं. माणसाला वयोमानाने विसर पडतो हे मला माहीत आहे, दिवसभर तसलीच माणसं माझ्यासमोर येतात. मी कान तपासते. दवाखान्याच्या टोकाला एक खोली, खोलीत आणखी एक बंदिस्त खोली, जाड भिंती, जाड दार, दाराला लांब दांडा. पेशंटला आत बसवायचं, कानांवर यंत्र द्यायचं, हातात बटण द्यायचं, दार लावून दांडा खाली ओढायचा. मी बाहेर, काचेपलीकडे. मी आवाज पाठवते, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दोनदा आवाज द्यायचा, दोन्हीदा बटण दाबलं नाही तर तक्त्यावर खूण करून पुढे जायचं, ताटकळायचं नाही, बाहेर रांग असते. तीस वर्षं हे केलं. या धंद्यात मी त्या ऐकणाऱ्यामुळे आले हे मी कुणाला सांगत नाही, हसतील. पण म्हणजे माझं ऐकणं आणि बघणं दोन्ही ठीक आहे, मग जे मी पाहिलं ते पाहिलंच नाही असं कसं? मी टेबल नंतर पाहिलं होतं. माझा फ्रॉक घामाने भिजला होता, ठोके थांबले तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, आणि उघडले तर तो हसत होता. तो आनंद मी कुठून आणला? दहा वर्षांच्या पोरीला असला आनंद बनवता येतो का?

आणि ज्या गोष्टीला मला हात लावायचा नव्हता ती तिथे बाकावर माझ्याशेजारी येऊन बसलीच. धाकटा. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्या दिवशी त्याला गालगुंड झालं होतं, म्हणून बाबा मला एकटीलाच थेटरात घेऊन गेले होते. बाबा त्या थेटरात ऑपरेटर, सिनेमाची यंत्रं चालवायचे. मी त्यांच्या खोलीत स्टुलावर बसून भिंतीतल्या चौकोनी भोकातून बघायचे. घरी येऊन मी धाकट्याला सगळं सांगितलं. दोन दिवसांनी त्याचा गाल उतरला, बाबा त्याला घेऊन गेले, आणि तो परत आला तो रडून लाल झालेला. म्हणाला, “ताई, तो मरतो.” मी म्हटलं, “वेडा आहेस का? तो परत येतो.” “नाही येत. मरतो तो.” “डोळे मिटले असशील.” “तूच मिटले असशील.” आई म्हणाली, थापा मारू नकोस रे, ताई कशाला खोटं सांगेल? बाबा जेवत होते. ते खाली मान घालून जेवत राहिले. तेव्हापासून धाकट्याचं नाव थापाड्या पडलं. लाडाने म्हणायचो आधी. दूध सांडलं, कोणी सांडलं, थापाड्या सांगेल. शाळेतून चिठ्ठी आली, काय झालं, विचारा थापाड्याला. बारा वर्षं हे चाललं, आणि लाड त्यातून कधी गेला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तो एकोणीस वर्षांचा असताना थेटरातल्या बाबांच्या खोलीला आग लागली. मोठी नाही, एक कोपरा, काही रिळं आणि दाराचा पडदा. त्या दिवशी तो बाबांना डबा द्यायला गेला होता. बाबा म्हणाले, यानेच सिगरेट ओढून टाकली. तो म्हणाला, मी सिगरेट ओढलीच नाही. “ताई, तू तरी सांग, मी ओढतो का?” आता, ओढायचा तो कधीमधी, मला माहीत होतं. मी काहीच बोलले नाही, मूग गिळून बसले. थापाड्याच तो, त्याच्यासाठी कोण शब्द टाकणार? भर दुपारी बाबांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, आत येऊन आरामखुर्चीत बसले आणि मला म्हणाले, “कडी लाव.” मी दारापाशी उभी होते. मी कडी लावली. बाहेरून त्याने ठोकलं. तीन, मग दोन. आमचा लहानपणीचा खेळ होता तो, न्हाणीघराच्या दारावर, भिंतीवर, अभ्यासाच्या टेबलाखालून. त्याने दोनदा ठोकलं. माझा हात कडीवर होता. मला वाटलं, येईल संध्याकाळी. तेव्हाही मला तो टेबलापाशी बसलेला, हसणारा माणूस दिसत होता, हे मी देवाशपथ सांगते. जातो, दार लागतं, आणि मग येतो. कसा ते विचारायचं नसतं. याला छत्तीस वर्षं झाली.

मधल्या काळात आई गेली. तेव्हा तो कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, मी मात्र दहा दिवस दार नुसतं लोटून ठेवत होते. गेल्या वर्षी मामाने एका चिठ्ठीवर त्याचा फोन नंबर आणून दिला. म्हणाला, “एकदा फोन कर. तो काही करायचा नाही, मी ओळखतो त्याला. बाबा किती दिवसांचे सोबती, तुझंही वय वाढतंय. आता राहिलं तर राहिलंच.” मी चिठ्ठी टेबलाच्या खणात ठेवली. मी म्हटलं, येईल तो. मामाला काय ठाऊक की मी कशाच्या जोरावर बोलतेय.

घरी आले तेव्हा बाबा जेवून टेबलाशी बसले होते, संत्रं सोलत. त्यांचं वय शहाऐंशी. यंत्रांच्या खडखडाटात त्यांचे कान चाळिशीतच गेले. मी करून दिलेलं कानातलं यंत्र ते खणात जपून ठेवतात, खराब होऊ नये म्हणून. एकदा मी त्यांना दवाखान्यात नेऊन तपासलं होतं. बंदिस्त खोलीत बसवून दार लावलं, तर मी एकही आवाज पाठवला नव्हता तरी ते शहाण्या मुलासारखे बटण दाबत होते. दाबलं, थांबले, दाबलं. मी काचेतून बघत राहिले. मला हसू आलं होतं आणि त्याच्या मागोमाग राग. ऐकू येत नसेल तर नाही म्हणा ना, पण नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नाही.

मी त्यांच्यासमोर पाटी धरली. आम्ही पाटीवर बोलतो, म्हणजे मी लिहिते, ते मोठ्याने बोलतात. लिहिलं, ‘पाणबुडीचा सिनेमा. इंजिनवाला परत येतो का?’ त्यांनी वाचलं. फोडीवरचा पांढरा दोरा काढला. मला वाटलं, कोणता सिनेमा म्हणतील. त्यांच्या हातून आयुष्यात हजार सिनेमे गेले असतील. पण ते लगेच म्हणाले, “सहा आणि सात.”

ते शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “डब्यांची झाकणं बदलली होती. सहाचं झाकण सातावर. आधीच्या थेटरवाल्यांनी गाढवपणा केला. आपण रीळ चढवताना टोकाची पट्टी बघायची असते, त्यावर नंबर असतो. पण तू होतीस ना, तू स्टुलावर चढून भोक शोधत होतीस, तुला मी उचलून नीट बसवलं, आणि झाकण बघूनच चढवलं. पडद्यावर दार लागलं तेव्हा मला कळलं. आता काय करतो? मधे थांबवलं तर बोंबाबोंब. सात संपलं, सहा लावलं. सहाच्या मागून आठ.”

“लोक?” मी नुसते ओठ हलवले.

“लोक काय!” बाबा हसले. “सुटताना एक माणूस मला म्हणाला, छान होता. मॅनेजर खाली झोपला होता. दुसऱ्या खेळाला मी बरोबर लावलं. कुणाला सांगितलं नाही, नोकरी गेली असती.”

मी पाटी पुसली. सहा आणि सात. म्हणजे माझा मेलेला माणूस परत आणला तो कुठल्या दिग्दर्शकाने नाही. दोन पत्र्याच्या झाकणांनी आणला, आणि कडेवर घेतलेल्या पोरीच्या वजनाने. कप्तानाची शरम, दोस्ताची माफी, मी त्याच्यावर लिहिलेली चार पानं. मला हसायला यायला हवं होतं. पण मला धाकट्याचा तो रडून लाल झालेला चेहरा दिसत होता. तो सात वर्षांचा होता, त्याने नीट पाहिलं होतं, नीट सांगितलं होतं. मी लिहिलं, ‘तेव्हा का नाही बोललात? आम्ही त्याला थापाड्या म्हणत होतो.’

बाबांनी वाचलं. “तू इतकी खूश होतीस,” ते म्हणाले. मग एक फोड माझ्याकडे सरकवली. “त्याला काय, तो पोरगा होता. विसरला असता.” मी फोड घेतली नाही. त्यांनी टरफलं गोळा केली, एकावर एक रचली, आणि पाटीकडे न बघता, आणखी मोठ्याने म्हणाले, “कार्बनचं जळतं टोक मी पत्र्याच्या डब्यातच टाकलं होतं. पत्र्याच्याच. मला पक्कं आठवतं.”

मी आगीबद्दल विचारलंच नव्हतं. पाटीवर आगीचा शब्दही नव्हता. आवाज न पाठवताच त्यांनी बटण दाबलं होतं. आणि तरीही, माझी मलाच चीड येते, तरीही मला काहीच नक्की कळलं नाही. यंत्रात दोन कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांच्या प्रकाशावर सिनेमा दिसायचा, उरलेली टोकं निखाऱ्यासारखी लाल असायची, हे मला माहीत आहे. बाबांनी ती कुठे टाकली हे मला माहीत नाही. धाकट्याने त्या दिवशी सिगरेट ओढली की नाही हेही नाही. मी तिथे नव्हते. मी होते फक्त दारापाशी. बाबा काठी घेऊन आत आडवे व्हायला गेले, आणि मी त्या टरफलांच्या चळतीसमोर बसून सकाळचा सिनेमा पुन्हा बघायला लागले, यावेळी बरोबर क्रमाने.

आणि मग मला ते दिसलं, जे मी सकाळी पाहूनही पाहिलं नव्हतं, कारण मी परत येणाऱ्याची वाट बघत होते. आतून ठोके पडतात, तीन आणि दोन. ऐकणारा दाराशी खाली बसतो. त्याच्या गळ्यात अजून कानाचं यंत्र लोंबत असतं. तो पान्याने दारावर ठोकतो, तीन आणि दोन. आतून पुन्हा. बाहेरून पुन्हा. कप्तान येतो, म्हणतो, थांबव, वर ऐकू जाईल. तो आवाज कमी करतो, बोटाच्या पेराने ठोकतो, पण थांबत नाही. आतले ठोके विरत जातात, दोन होतात, एक होतो. तो आपले पाचच्या पाच ठोकत राहतो. आतून काही येईनासं झाल्यावरही तो पुष्कळ वेळ ठोकतो, आणि तिथे ते रीळ संपतं. दार उघडणं त्याच्या हातात नव्हतं. ठोकणं होतं. सगळा सिनेमा त्या एका गोष्टीचा आहे आणि अठ्ठेचाळीस वर्षं मला ती आठवली नाही, कारण माझ्या सिनेमात तिची गरजच पडली नाही. माझ्या दाराला लोखंडी चाक नव्हतं, पलीकडे समुद्र नव्हता. एक कडी होती. मला साधे पाच ठोके देता आले नाहीत. मी खूप रडले. मोठ्याने रडले तरी चालत होतं, ऐकणारं कोणी नव्हतं.

तीन वाजता मी खणातली चिठ्ठी काढली. आकडे दाबले, चुकले, पुन्हा दाबले. पलीकडे चारपाचदा घंटी झाली आणि एक पुरुषाचा आवाज म्हणाला, “हॅलो.” जाडसर, थकलेला, बाबांसारखा. मी फोन टेबलापाशी धरला आणि बोटाच्या पेराने लाकडावर ठोकलं. तीन, आणि दोन. पलीकडे काही नाही. “हॅलो, कोण बोलतंय?” मी पुन्हा ठोकलं. आता काही नाहीच. दोनदा झालं होतं. तीस वर्षांच्या सवयीने हात खूण करायला पेन शोधत होता. मी तिसऱ्यांदा ठोकलं.

“ताई?” तो म्हणाला.

मला वाटत होतं ते सगळं मी एका दमात बोलून टाकलं. “तो मरतो. सिनेमातला, इंजिनवाला. तू खरं सांगत होतास. बाबांनी रिळं उलटी लावली होती, सहा आणि सात, मी आज पाहिलं. तू खरं सांगत होतास रे.”

तो म्हणाला, “कुठला सिनेमा?”

“पाणबुडीचा. तुला गालगुंड झालं होतं. आपण भांडायचो नाही का? ते ठोके, तीन आणि दोन, ते त्यातलेच.”

“त्यातले होते का?” तो म्हणाला. “मला आपले आपलेच वाटायचे.” त्याला खरंच काही आठवत नव्हतं. मी हातात घेऊन आले होते ते कुठे ठेवावं हे मला कळेना. त्याच्या घरात मागे कुठेतरी नळ चालू होता, कोणीतरी तो बंद केला. मी कान लावून बसले. माझं काम तेच.

“ताई, एक विचारू?” तो म्हणाला. “इतकी वर्षं विचारायचं होतं. त्या दिवशी कडी कोणी लावली? बाबांनी ना?”

हो म्हणणं किती सोपं होतं. बाबांना ऐकू येत नव्हतं, आणि आई नव्हती. नंतरचं आधी लावलं की सगळं छान होतं, हे मला घरातच शिकायला मिळालं होतं.

“मी लावली,” मी म्हटलं. “बाबा म्हणाले लाव. पण लावली मी. आणि तू ठोकलंस तेव्हा माझा हात कडीवरच होता.”

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता, आत जाताना थोडा अडखळणारा. मग तो म्हणाला, “बरं,” आणि बऱ्याच वेळाने, “बरं झालं सांगितलंस,” आणि मग पत्ता तोच आहे का असं विचारलं. मी म्हटलं, तोच. तो येतो म्हणाला नाही आणि येत नाही असंही म्हणाला नाही, मी विचारलं नाही. फोन बंद झाल्यावर मी उठले, दारापाशी गेले, आणि जितक्या हळू काढता येईल तितक्या हळू कडी काढली.

“कोण आलंय?” आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं.